पाद्री थॉमस स्टीफन्स: मराठी ओवीचा इंग्रज सेवक

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस भेटी देतांना एक प्रश्न आम्हांस अनेकदां ऐकूं येतो. शेजारीपाजारी विचारतात कीं, तुम्ही ख्रिस्ती झालां, मग ओवी, अभंग, टाळ, मृदंग यांशीं तुमचा संबंध काय उरला? कधीं कधीं आमच्यांतलाच एखादा बंधु म्हणतो कीं, जुनें सोडलें तेव्हां हेंहि सोडावें आणि साहेब लोकांच्या चालीवरच गावें. दोघांचें बोलणें निरनिराळें दिसलें तरी मूळ समजूत एकच आहे. ती ही कीं, भाषा आणि तिचें काव्य हीं जन्मानें ज्याचीं असतील त्याचींच राहतात. दुसऱ्यास त्यांवर माया करण्याचा अधिकार नाहीं. या समजुतीस चारशें वर्षांपूर्वीं एका पुरुषानें आपल्या सबंध आयुष्यानें उत्तर दिलें. ते इंग्लंडांत जन्मले, गोमांतकांत वारले, आणि मधल्या चाळीस वर्षांत मराठी ओवी त्यांच्या अंगीं इतकी मुरली कीं, त्यांच्या हातून तिचा एक मोठा ग्रंथ निर्माण झाला. त्यांचें नांव पाद्री थॉमस स्टीफन्स. त्यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाद्री स्टीफन्स हे रोमन कॅथलिक पंथांतील जेजुइट संघाचे होते. त्यांचा पंथ आणि आमचा पंथ यांत पुष्कळ भेद आहे, आणि तो आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु शेजाऱ्याच्या शेतांत उत्तम पीक आलें असतां बांध मध्यें आहे म्हणून तें पाहूंच नये, हें शहाणपणाचें नव्हे.

सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन नांवाच्या खेड्यांत त्यांचा जन्म झाला. वडील लंडन शहरांत व्यापार करीत. त्या वेळीं एलिझाबेथ राणीच्या राज्यांत कॅथलिक उपासनेस बंदी होती, आणि ती गुप्तपणें करणारास दंड व तुरुंग यांचें भय असे. स्टीफन्स यांचा थॉमस पाउंड नांवाचा एक श्रीमंत मित्र होता. त्याच्या चाकराचा वेष घेऊन ते त्याच्याबरोबर सुमारें दोन वर्षें हिंडले. दोघांनीं मिळून रोमास जाण्याचा बेत केला होता. पण पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच निसटले आणि १५७५ च्या आक्टोबर महिन्यांत रोम येथें जेजुइट संघांत दाखल झाले. धर्मासाठीं स्वतःच्या देशांत परका होणें म्हणजे काय, हें त्यांस तरुणपणींच कळलें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस गांवकीनें एके काळीं पाणवठ्यावरून परत लाविलें असेल, त्यांस हें दुःख समजावून सांगण्याची गरज नाहीं.

१५७९ च्या एप्रिल महिन्याच्या ४ तारखेस लिस्बन बंदरांतून पांच जहाजांचा तांडा हिंदुस्थानाकडे निघाला, त्यांत स्टीफन्स होते. आफ्रिकेस वळसा घालून जाण्याचा तो मार्ग होता. वाटेंत ताज्या अन्नावांचून लोकांच्या हिरड्या सुजल्या, अंगें फुगलीं, आणि दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं. त्यांतलीं सत्तावीस मरण पावलीं. अखेर आक्टोबरच्या २४ तारखेस जहाज गोव्यास लागलें. पुढें थोड्याच दिवसांत त्यांनीं वडिलांस सविस्तर पत्र लिहून वारे, मासे, पक्षी, वाटेंतील संकटें, सर्व कांहीं कळविलें. तें पत्र पुढें इंग्लंडांत छापून निघालें. हिंदुस्थानांत येऊन राहिलेल्या इंग्रजांपैकीं ज्यांची खात्रीची माहिती मिळते, त्यांत स्टीफन्स यांचें नांव अगदीं आरंभीं घेतलें जातें. ते आले तेव्हां ईस्ट इंडिया कंपनी निघण्यास अजून एकवीस वर्षें अवकाश होता. त्यांस येथें राज्य करावयाचें नव्हतें आणि मालहि भरावयाचा नव्हता.

त्यांस गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी प्रांतांत नेमण्यांत आलें. ही साष्टी मुंबईजवळची नव्हे. मडगांव, राचोल, कुंकळ्ळी हीं गांवें जींत आहेत ती. तेथील स्थिति वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी, कारण तिच्यावांचून या चरित्राचें मर्म कळणार नाहीं. गोवा पोर्तुगीजांनीं १५१० सालीं घेतला होता. १५६० सालीं तेथें धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, बसली. १५६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. हिंदूंचे पोथ्यापुराणांचे पाठ बंद करण्यांत आले आणि ग्रंथ जप्त झाले. कित्येक कुटुंबें आपले देव घेऊन नदीपलीकडे निघून गेलीं. जे राहिले त्यांपैकीं पुष्कळांनीं बाप्तिस्मा घेतला. कांहींनीं मनापासून घेतला, आणि कांहींनीं जमीन व घर राखण्यासाठीं. ज्या देशांत सत्तेनें अशी तलवार उपसली होती, त्या देशाची भाषा शिकावयास स्टीफन्स बसले.

१५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें मोठा अनर्थ झाला. देवळें पाडल्याचा राग गांवकऱ्यांच्या मनांत धुमसत होता. पांच जेजुइट तेथें चर्चसाठीं जागा पाहावयास गेले असतां लोकांनीं त्यांस ठार केलें. त्यांजबरोबरचीं कांहीं माणसेंहि मेलीं. त्यानंतर पोर्तुगीज सरकारनें गांवच्या पुढाऱ्यांस बोलणीं करावयाचीं म्हणून असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें आणि त्यांचा वध केला. एका बाजूस धर्मबंधूंचें रक्त, आणि दुसऱ्या बाजूस विश्वासघातानें मारलेल्या गांवकऱ्यांचें रक्त, अशा भूमीवर स्टीफन्स यांस पुढें काम करावयाचें होतें.

त्याच वर्षाच्या आक्टोबरांत त्यांनीं पॅरिस येथें असलेल्या आपल्या रिचर्ड नांवाच्या भावास पत्र लिहिलें. त्यांत मारल्या गेलेल्या सोबत्यांची हकीकत आहे. एवढ्यावरच तें पत्र संपलें असतें आणि या लोकांविषयीं कडू शब्द त्यांत भरले असते, तर कोणास नवल वाटलें नसतें. पण तेंच पत्र पुढें माडाच्या झाडाकडे वळतें. एकाच झाडापासून तेल, ताडी, गूळ, साखर आणि शिरका कसा निघतो, काथ्याचे दोर कसे होतात, झांवळ्यांनीं झोंपड्या कशा शाकारतात, आणि शहाळ्याचें पाणी कसें लागतें, हें सर्व त्यांनीं कौतुकानें वर्णिलें आहे. मग ते येथील भाषांविषयीं लिहितात. या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार कानास गोड लागतो, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें त्यांनीं भावास कळविलें. विल्यम जोन्स या पंडितानें संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एका कुळींच्या बहिणी असाव्या असें मत १७८६ सालीं मांडलें, आणि तें जगभर गाजलें. त्याच्या दोनशें वर्षें आधीं साष्टीच्या या पाद्र्यास तें नातें कानानें जाणवलें होतें. परक्या मुलखांतल्या बोलींत त्यांस आपल्या घराण्याचा चेहरा दिसला. जेथें इतरांनीं अंतर मोजलें, तेथें त्यांनीं नातें पाहिलें.

त्याच वर्षाच्या अखेरीस घडलेली एक गोष्ट आमच्या मंडळ्यांनीं अवश्य स्मरणांत ठेवावी. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज होर्मुज येथें पोर्तुगीजांच्या हातीं सांपडून कैदी म्हणून गोव्यास आले. हेरगिरीचा आणि पाखंडीपणाचा संशय त्यांजवर होता. ते ज्या देशचे होते त्याच देशानें स्टीफन्स यांस परागंदा केलें होतें. तरीहि स्टीफन्स यांनीं आणि फ्लँडर्स देशच्या दुसऱ्या एका जेजुइटानें खटपट करून त्यांस जामिनावर सोडविलें. दुसऱ्या लोकांवर प्रेम जडलें म्हणजे आपल्या माणसांची माया आटते असें कांहीं लोक म्हणतात. त्यांनीं ही गोष्ट पाहावी.

आतां त्यांच्या मोठ्या कार्याकडे वळूं. साष्टींत लोक घरींदारीं कोंकणी बोलत. परंतु देवाधर्माचे ग्रंथ, पुराणें व कथा हीं मराठी ओव्यांत ऐकण्याची त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची संवय होती. याच काळांत इकडे पैठणास संत एकनाथ हयात होते, आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करण्याचें त्यांचें काम १५८४ सालीं पुरें झालें. ओवी म्हणजे कांहीं दरबारची वस्तु नव्हे. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडीं ती असते आणि देवळाच्या ओसरीवर पुराणिकाच्या मुखींहि असते. साष्टीच्या नव्या ख्रिस्ती लोकांस प्रार्थना व प्रश्नोत्तरें शिकविलीं जात. पण सायंकाळीं एकत्र बसून ऐकावें, रडावें, डोलावें, असें त्यांच्यापाशीं कांहीं उरलें नव्हतें. जुनें काढून घेतलें होतें आणि त्या जागीं नवें कोणीं ठेविलें नव्हतें.

स्टीफन्स यांनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभीं एक प्रसंग दिला आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गांत एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून पाद्र्यास विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं मना केलीं, तर त्यांच्यासारखें दुसरें पुराण आम्हांस कां करून देत नाहीं? बंधुभगिनींनो, या प्रश्नांत केवढी भूक आहे आणि केवढें गाऱ्हाणेंहि आहे! पोर्तुगीज अधिकाऱ्यास तो उद्धटपणा वाटला असता. स्टीफन्स यांनीं तो आपल्या ग्रंथाच्या दारांतच बसविला, आणि सबंध ग्रंथ त्याचें उत्तर म्हणून लिहिला.

तें उत्तर म्हणजे क्रिस्तपुराण. हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या करारांतील कथा असून त्याचे ३६ अध्याय आहेत. दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र ५९ अध्यायांत सांगितलें आहे. अध्यायास त्यांत अवस्वरु असा शब्द आहे. एकंदर ओव्या सुमारें अकरा हजार आहेत. भाषा मराठी असून तींत ठिकठिकाणीं कोंकणी शब्द मिसळले आहेत, म्हणजे श्रोत्यांस अडखळावें लागूं नये. स्वर्गास त्यांनीं वैकुंठ म्हटलें. लॅटिन शब्द आणून लोकांच्या माथीं मारण्याऐवजीं जे शब्द लोकांच्या जिभेवर होते तेच घेऊन त्यांत त्यांनीं शुभवर्तमानाचा अर्थ भरला. आरंभीं त्यांनीं मराठी भाषेची स्तुति केली आहे. फुलांत मोगरा, सुगंधी द्रव्यांत कस्तुरी, पांखरांत मोर, तशी भाषांत मराठी, अशा अर्थाच्या त्या ओव्या आज महाराष्ट्रांत शाळकरी मुलांसहि ठाऊक असतात. त्या रचणारा इंग्रज होता, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

हें एका दिवसांत घडलें नाहीं. ते साष्टींत आले तेव्हां तीस वर्षांचे होते, आणि पुराण छापून निघालें तेव्हां त्यांचें वय पासष्ट उलटून गेलें होतें. चाळीस वर्षें त्यांनीं खेड्यांतल्या माणसांपाशीं शिष्य होऊन भाषा ऐकली. कोंकणी भाषेचें व्याकरणहि त्यांनीं रचलें. तें त्यांच्या मागून १६४० सालीं, दुसऱ्या एका जेजुइटानें भर घालून, राचोल येथें छापलें. हिंदुस्थानच्या भाषांपैकीं छापून निघालेलें पहिलें व्याकरण तेंच समजतात. साध्या बोलींत त्यांनीं केलेली धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी १६२२ सालीं निघाली. पुराण मराठींत आणि प्रश्नोत्तरी कोंकणींत कां, हें उपदेशकांनीं लक्षांत घ्यावें. ऐकण्यासाठीं लोकांची थोर भाषा, आणि पाठ करण्यासाठीं लोकांची घरची भाषा. दोहोंचा मान त्यांनीं ओळखला.

त्यांची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. १६०८ सालीं त्यांनीं रोम येथील आपल्या संघाच्या वरिष्ठांस पत्र लिहून कळविलें कीं, या प्रांतांत येथील भाषेचीं पुस्तकें येथील लिपींत छापलेलीं पाहावीं अशी आपली पुष्कळ वर्षांची तीव्र इच्छा आहे. दक्षिणेकडे तमिळ अक्षरांत पुस्तकें आधींच छापलीं गेलीं होतीं आणि तेथील ख्रिस्ती लोकांस त्यांचा लाभ होत होता. अडचण ही होती कीं, युरोपांत चोवीस अक्षरांचे ठसे पुरत. पण येथील काना, मात्रा आणि जोडाक्षरें धरून सुमारें सहाशें ठसे पाडावे लागणार होते. शिवाय अधिकाऱ्यांची आज्ञा व साह्य हवें होतें, आणि त्यांस इतर कामांचा व्याप फार होता. अखेर पुराण रोमन अक्षरांत छापावें लागलें. श्रीरामपूर येथें विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं छापून निघालें, तेव्हां कोठें मराठी मुद्रणाचा मार्ग मोकळा झाला. आज आपल्या लेंकरांच्या हातीं देवनागरी शुभवर्तमान सहज येतें. त्यासाठीं एक म्हातारा पाद्री सहाशें ठशांचा हिशेब करीत झुरला होता, हें त्यांस सांगावें.

१६१९ सालीं पाद्री स्टीफन्स गोव्यांत वारले. इंग्लंडास ते पुन्हा कधींहि गेले नाहींत.

माणूस गेला, ग्रंथाचें पुढें काय झालें? १६४९ आणि १६५४ सालीं तो पुन्हा छापला. रविवारीं व सणांच्या दिवशीं तो चर्चमध्यें वाचीत. पुढें वारा फिरला. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. जी भाषा स्टीफन्स यांनीं मोगऱ्याची म्हणून हुंगली, ती त्यांच्याच धर्माच्या सरकारास तण वाटली. त्या छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज कोठें असल्याचें ठाऊक नाहीं. परंतु लोकांनीं ग्रंथ सोडला नाहीं. त्यांनीं हातानें नकला केल्या. जीं ख्रिस्ती कुटुंबें गोवा सोडून मंगळूरच्या बाजूस गेलीं त्यांनीं त्या आपल्याबरोबर नेल्या. टिपू सुलतानाच्या कैदेंत श्रीरंगपट्टण येथें १७८४ पासून पंधरा वर्षें जे ख्रिस्ती लोक खितपत पडले, त्यांस याच ओव्यांचा आधार होता, अशी त्यांच्या वंशजांची परंपरागत सांगी आहे. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें हा ग्रंथ पुन्हा छापला गेला. पुढें अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट साहेब यांस लंडनमधील एका ग्रंथसंग्रहांत या पुराणाचें देवनागरी हस्तलिखित आढळलें. अ‍ॅबट साहेब हे आमच्याच प्रॉटेस्टंट पंथांतले. मराठी संतांचीं चरित्रें व काव्यें इंग्रजींत आणण्यांत त्यांनीं उतारवय खर्चिलें. १९५६ सालीं पुण्यास देवनागरी आवृत्तीहि निघाली. पाद्र्याची सहाशें ठशांची इच्छा अशी साडेतीनशें वर्षांनीं पुरी झाली.

आम्ही स्टीफन्स यांस निर्दोष ठरवूं इच्छीत नाहीं. ज्या सत्तेनें देवळें पाडलीं तिच्याच छायेखालीं त्यांचें काम चालत होतें. आपल्या पुराणांत त्यांनीं मूर्तिपूजेवर कठोर टीकाहि केली आहे. काढून घेतलेल्या पुराणांच्या जागीं त्यांचें पुराण आलें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं, आणि त्या जुन्या पोथ्यांसाठीं ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलें त्यांचें दुःख खोटें नव्हतें. परंतु त्या काळीं तोडणारे हात पुष्कळ होते आणि जोडणारे थोडे होते. सत्तेनें लोकांस आज्ञा केली; स्टीफन्स यांनीं लोकांपासून शिकून घेतलें. एकाच चर्चच्या दोन हातांनीं निरनिराळीं कामें केलीं, आणि त्यांतलें कोणतें टिकलें हें इतिहासांत दिसतें. हुकूम गेले, किल्ला पडला, राज्यहि १९६१ सालीं संपलें. ओव्या राहिल्या.

तर मग आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. परक्या लोकांच्या भाषेवर व रीतीवर आपला जीव जडला, तर तो संबंध खरा कीं खोटा, हें कशावरून ओळखावें? स्टीफन्स यांच्या चरित्रावरून आम्हांस असें वाटतें कीं, नुसत्या आवडीवरून तें ओळखतां येत नाहीं. जो दुसऱ्याच्या दाराशीं शिष्य म्हणून बसतो, वर्षानुवर्षें कष्ट करतो, आणि जें शिकला तें त्याच लोकांच्या पदरांत परत घालतो, त्याचा संबंध खरा. जो केवळ नटण्यासाठीं घेतो किंवा मोडण्यासाठीं शिकतो, त्याचा खोटा. रूथ ही मवाबी होती. तिला बेथलेहेमच्या शेतांत सरवा वेंचावा लागला, तेव्हां ती त्या घरची झाली.

आणि ज्यांची ही भाषा जन्माचीच आहे त्या आमच्या मंडळ्यांस काय सांगावें? विल्टशायरच्या एका इंग्रजास ओवी आपलीशी करतां आली, तर जिच्या आजीनें जात्यावर ओवी गाइली त्या मुलीनें ती परकी कां मानावी? रेव्हरंड नारायण वामन टिळक स्टीफन्स यांच्या मरणानंतर बरोबर तीनशें वर्षांनीं, १९१९ सालीं वारले. त्यांनींहि प्रभूचें चरित्र ओव्यांतच आरंभिलें, आणि तें ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. म्हणजे ही वाट नवी नाहीं, आणि उसनीहि नाहीं.

उपदेशक बंधूंनो, येत्या सुगीनंतर रात्रीं चावडीपाशीं किंवा झाडाखालीं लोक जमतील, तेव्हां पवित्र शास्त्रांतील एखादी कथा ओवीच्या चालीवर सांगून पाहा. गांवांतील म्हाताऱ्या बायांपाशीं बसून जुन्या चाली विचारून घ्या. त्या ख्रिस्ती असोत वा नसोत, नम्रपणें विचारा. शिकवावयास जाण्याआधीं शिकावयास जा. आणि उद्यां तुम्हांस कामासाठीं भिल्लांच्या, कातकऱ्यांच्या किंवा कानडी मुलखाच्या गांवीं पाठविलें, तर तेथील बोलीस अडाणी म्हणूं नका. त्या बोलींतहि कोठेंतरी मोगरा फुललेला असतो. तो ज्यास शोधावयाचा आहे त्यास स्टीफन्स यांच्याप्रमाणें पुष्कळ वर्षें तेथें राहावें लागेल.